मुकी आहे ती काळी चार, मी नव्हे

मित्रांनो, मी एक जुना ऑर्गन आहे. विजेवर चालणारा, लाकडी पेटीचा, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. मला भंगारात काढायला निघालेली माणसं मी माझ्या समोर उभी पाहिली आहेत, आणि तरी मी वाजतो आहे. ऐकायचं असेल तर बसा. फक्त माझ्यावर कोपर टेकू नका.

मला बायकांनी घडवलं. लांबलचक टेबलाला ओळीने बसून त्या तारांना डाख द्यायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत एकमेकींच्या सासवांची नक्कल करायच्या. माझ्या पोटात विजेच्या भागांनी जडवलेल्या बारा पाट्या आहेत, पंजाएवढ्या, हिरव्या. काळे-पांढरे मिळून सूर बारा, म्हणून पाट्याही बारा. एखाद्या सुराची पट्टी खाली दाबा, मध्ये दाबा नाहीतर वर, बोलते ती एकच पाटी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सगळं जोडून झाल्यावर एका चष्मेवाल्या बाईने या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या पट्ट्या दाबून पाहिल्या, मान डोलावली आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. तो शिक्का अजून आहे.

पहिली पंधरा वर्षं मी एका दातांच्या डॉक्टरांच्या घरी काढली. त्यांच्या दोन्ही मुली माझ्यावर शिकल्या. आल्यागेल्या पाहुण्यांना आधी मी दाखवला जाई आणि मग चहा येई. तेव्हा माझं कौतुक फार होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मग मुली मोठ्या झाल्या, आपापल्या वाटेने गेल्या. माझ्यावर आधी विणलेला रुमाल आला, मग फोटो आले, मग एक फुलदाणी आली. वाद्यावर पाण्याने भरलेली फुलदाणी ठेवणाऱ्याला काय म्हणावं, याला माझ्याकडे चांगला शब्द नाही. एका सकाळी धूळ पुसताना तिला धक्का लागला, पाणी माझ्या पोटात गेलं आणि नववी पाटी जळाली. नववी म्हणजे काळी चार, सप्तकातली चौथी काळी पट्टी. त्या दिवसापासून माझ्या खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या काळ्या चार मुक्या झाल्या.

दुरुस्तीवाला आला, आत डोकावला आणि म्हणाला, "ही पाटी आता कुठे बनत नाही. बाकी अकरा ठणठणीत आहेत." घरच्यांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला एका नाचाच्या वर्गाला देऊन टाकलं. जाताना रुमाल मात्र काढून ठेवून घेतला.

नाचाचा वर्ग म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीला मुलींनी हात टेकायचा लाकडी दांडा, खिडकीशी मी. वर्ग चालवणाऱ्या बाई ताठ पाठीच्या आणि तिखट जिभेच्या. मला वाजवायला मास्तर होते, वयस्कर, कमी बोलणारे. आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात शिलाईयंत्र घेऊन एक बाई बसत. वर्गाचे सगळे पोशाख त्याच शिवत. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून मुलींनी त्यांचं नाव टाचणीमावशी ठेवलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या, पण सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायच्या.

मोठ्या मुलींच्या वर्गात शेवटी एक संथ, उदास चाल वाजायची. मुली तिला 'रडकं' म्हणत. त्यात चार पावलं पुढे जायचं, वळायचं आणि शेवटच्या सुरावर पाय परत जागेवर आणायचा. तो परतीचा पाय अकरा वर्षं रोज उशिरा पडला. मुली बदलल्या, पाय उशिराच. बाई काठी आपटून ओरडायच्या, "परत येताना झोप लागते का तुम्हाला?" मुली बिचाऱ्या माना खाली घालायच्या. दोष कुणाचा ते मला ठाऊक होतं आणि मास्तरांनाही ठाऊक होतं. बोललं कोणीच नाही.

मग मास्तरांची बोटं सांध्यांत आखडू लागली. त्यांनी बाईंना सांगितलं की दोन महिने कसेबसे निभावतो, नंतर जमायचं नाही. बाई म्हणाल्या, "मग ऑर्गनही काढू. गाणी भरलेला स्पीकर आणते. पोशाखही आता तयारच मिळतात. त्या कोपऱ्यात आणि या कोपऱ्यात दोन कपाटं होतील."

शिलाईयंत्र थांबलं. टाचणीमावशीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या, म्हणजे आता ती बोलणार होती.

"कपडे तयार येणार, गाणी तयार येणार. मग मी घरी बसून काय करू, भिंती मोजू? ऑर्गन मी वाजवते."

"तुम्हाला येतो?"

"नाही येत. दोन महिने आहेत ना."

बाईंना हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर यायच्या आत त्यांनी आवरलं. टाचणीमावशीने आजवर त्यांना एकही पोशाख उशिरा दिला नव्हता. बाई म्हणाल्या, "शेवटच्या शुक्रवारी मोठ्यांचा वर्ग तुम्ही वाजवायचा. निभावलंत तर ऑर्गनही राहील आणि तुम्हीही. नाहीतर शनिवारी टेम्पो येतोय."

मित्रांनो, मी तेव्हा काय म्हणालो असतो सांगू? म्हणालो असतो, बाई, टेम्पोला आताच नको म्हणून कळवा. पण मला कोणी दाबल्याशिवाय बोलता येत नाही.

दुपारी वर्ग नसे. मास्तर डबा उघडायचे आणि खाता खाता शिकवायचे. "तीन सूर एकदम दाबले की कॉर्ड. पहिल्या सुरापासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत चार पुढे, तिथून तीन पुढे. झाला मेजर, मोकळा आवाज. उलटं करा, आधी तीन आणि मग चार. झाला मायनर, जरा उतरलेला."

टाचणीमावशीने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी जाड कागदाची पट्टी कापून आणली. माझ्या पट्ट्यांच्या मागच्या कडेला काळ्या-पांढऱ्या सगळ्या जवळजवळ सारख्या अंतरावर येतात, तिथे मापं घेऊन तिने कागदाला तीन खाचा पाडल्या होत्या. बाह्या बेतायला असतो तसा हा मेजरचा फर्मा. खाचेखालची पट्टी दाबायची, की कॉर्ड तयार. मास्तरांचा घास हातातच राहिला. चाळीस वर्षांत त्यांनी असलं काही पाहिलं नव्हतं.

पण मग तिने घोळ घातला. पांढरी एक हे घर, म्हणजे सुरुवातीचा सूर, धरलं आणि तो एकच फर्मा पांढऱ्या साती पट्ट्यांवर ओळीने लावत गेली. दुसरीवर लावला, काळी तीन आत घुसली. तिसरीवर लावला, काळी चार आली आणि मी मध्येच गप्प. एकेक कॉर्ड सुरेख आणि सगळे मिळून नुसता गोंधळ, जशी प्रत्येकाने वेगळ्याच घराची वाट धरली आहे.

"सात मुलींना एकाच मापाचा झगा शिवता का हो?" मास्तरांनी विचारलं.

 तिने कपाळावर हात मारून घेतला आणि कात्री उचलली. मायनरचा दुसरा फर्मा कापला. पांढऱ्या एकच्या घरात पांढऱ्याच पट्ट्या चालतात, बाहेरची आणायची नाही, हे धरून तिने एकेक कॉर्ड बेतला. पहिला, चौथा, पाचवा मेजर निघाले. दुसरा, तिसरा, सहावा मायनर. सातवा दोन्ही बाजूंनी आवळलेला, तीन आणि पुन्हा तीन, त्याच्यासाठी तिने तिसरा कागद कापला आणि त्याला 'तंग' असं नाव दिलं.

मग कॉर्डमागून कॉर्ड जोडायला ती शिकली. पहिल्यावर घरी असायचं, चौथ्यावर अंगणात जायचं, पाचव्यावर घराची ओढ लागली पाहिजे, की पुन्हा पहिला. मास्तर म्हणायचे, "पाचवा वाजला आणि ऐकणाऱ्याला घरी जावंसं वाटलं नाही, तर तुमचं सगळं फुकट." महिनाभरात तिला हे डोळे मिटून येऊ लागलं. चुकली की स्वतःलाच शिव्या घालायची आणि पुन्हा पहिल्यापासून धरायची. माझ्या अकरा पाट्यांना इतकं काम कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

मग रडकं आलं. ते पांढऱ्या सहाच्या मायनरमधलं, म्हणजे घर पांढरी सहा. मास्तर म्हणाले, "इथे पहिला आणि चौथा मायनर. पाचवाही खरं तर मायनरच निघतो, पण तो ढिला पडतो, घरी यायची घाईच नसते त्याला. म्हणून त्याचा मधला सूर एक पट्टी वर उचलायचा. मग तो घराच्या दारात येऊन उभा राहतो."

तिने फर्मा लावला. पाचव्याचा मधला सूर एक पट्टी वर उचलला. खाचेखाली आली काळी चार.

मी गप्प. वरची दाबली, गप्प. खालची दाबली, गप्प.

तिने मास्तरांकडे पाहिलं. "तुम्ही इथे काय वाजवता?"

"दोनच सूर धरतो. मधला सोडून देतो."

"अकरा वर्षं?"

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं. टाचणीमावशी रागाने लाल झाली होती. "आणि पोरी अकरा वर्षं बोलणी खातायत. दार उघडलेलंच नसतं, तर पाय घरात पडणार कसा वेळेवर? दुसरीकडून वाजवायचं होतंत."

"रडकं तिथूनच वाजतं."

"कोण म्हणतं?"

 मास्तर हळूच म्हणाले, "मला तिथूनच येतं. लहानपणी बोटांनी पाठ केलंय. सरकवायला कधी शिकलोच नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. अकरा वर्षं त्यांनी माझा दोष झाकला आणि मी त्यांचा. पण आता शुक्रवार चार दिवसांवर आला होता, आणि झाकून भागणार नव्हतं.

टाचणीमावशी आपल्या कोपऱ्यात गेली. तिथे तलम कापड पसरलेलं होतं आणि त्याच्या मधोमध तेलाचा डाग. तिने खडूने डागावर फुली मारली, बाहीचा फर्मा चार बोटं बाजूला सरकवला आणि कात्री चालवली. तीस वर्षं ती हेच करत आली होती. बाही कापून होईतो तिच्या काही डोक्यात आलं नाही. मग कात्री तशीच हातात घेऊन ती माझ्याकडे आली, काळ्या चारवर खडूने फुली मारली आणि तिन्ही फर्मे उचलून घर पांढऱ्या दोनवर मांडलं. पहिला मायनर, चौथा मायनर. पाचव्याचा मधला सूर उचलला. खाचेखाली आली काळी एक.

ती माझ्याकडे ठणठणीत आहे. मी ती अशी काही खणखणीत दिली, की मास्तर उठून उभे राहिले.

शुक्रवारी टाचणीमावशी ओठांत टाचण्या धरूनच वाजवायला बसली. त्याशिवाय तिला हात चालवता येत नाही. फर्मे घरी ठेवून आली होती. सुरुवातीला एक कॉर्ड चुकला आणि आरशात बाईंची भुवई वर गेली. मी म्हटलं, चढू दे. वर्ग संपत आला आणि रडकं सुरू झालं. मुलींनी चार पावलं टाकली, वळल्या. पाचवा कॉर्ड आला, पुरता, तिन्ही सुरांचा, आणि चौदा मुलींचे चौदा पाय एकाच ठोक्याला जागेवर पडले.

बाईंची काठी उचललेलीच राहिली. आपटायला कारणच उरलं नाही.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. पुन्हा तसंच. "पुन्हा." तिसऱ्यांदाही तसंच. एक धिटुकली म्हणाली, "बाई, आज आपोआपच येतोय पाय." बाई माझ्यापाशी आल्या, फुली मारलेल्या पट्टीकडे पाहिलं, ती दाबली आणि मी गप्प राहिलो. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नजर चुकवली नाही.

"म्हणजे अकरा वर्षं मी उगाच ओरडले," बाई म्हणाल्या, आणि मुलींकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चुकलं माझं." त्यानंतर टेम्पोवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

मास्तर आता दुपारी शिकायला येतात. आखडलेल्या बोटांना झेपेल एवढंच वाजवतात, पण सरकवून वाजवतात. टाचणीमावशी त्यांच्यावर डाफरते आणि ते ऐकून घेतात.

परवा एका मुलीने विचारलं, "मावशी, हा ऑर्गन दुरुस्त कधी होणार?" टाचणीमावशीने ओठांतल्या टाचण्या काढल्या. "त्याला काय झालंय?" म्हणाली, आणि पुन्हा ओठांत धरल्या.

मित्रांनो, घरात एखादं जुनं वाद्य असेल, तर त्याचं काय गेलं हे विचारण्याआधी काय राहिलं आहे ते दाबून पाहा. दुरुस्तीवाल्याचं दुसरं वाक्यही ऐका. आणि ती फुलदाणी आत्ताच्या आत्ता उचलून दुसरीकडे ठेवा.