बिनडागाचे कोट

मास्तरांनी शिवायचं आणि काकूंनी नावं ठेवायची, असा संसार पस्तीस वर्षं मजेत चालला होता. बाहेरच्या खोलीत शिलाईचं दुकान, आत घर. मास्तरांच्या हाताखालून कपडा निघाला की काकू तो खिडकीशी नेत, उलटा करून शिवण ताणून बघत आणि काहीतरी खोट काढतच. "हे काज बघा, जांभई देतंय!" म्हणाल्या की मास्तर हसत हसत उसवायला घेत. गिऱ्हाइकांना वाटे, बाई फार तोंडाळ. बाई तोंडाळ होत्याच, पण त्यांच्या नजरेखालून गेलेला कपडा कधी परत आला नाही, हेही तितकंच खरं.

आठ महिन्यांपूर्वी मास्तरांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. म्हणजे बारीकशी जाळी, बुजत आलेली वाट उघडी ठेवायला. घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून दटावलं होतं, "रक्त पातळ ठेवायच्या ह्या दोन गोळ्या वर्षभर रोज घ्यायच्या. एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. चुकवल्यात तर जाळीत गुठळी होईल, आणि मग मला बोल लावायला तुम्ही उरणार नाही." इतकं स्पष्ट कानावर पडल्यावर काकू कसल्या ढिलाई करतायत! त्या दिवसापासून रोज सकाळी दोन्ही गोळ्या वाटीत घालून त्या शिलाई मशीनवर ठेवत, शेजारी पाण्याचा पेला. थोड्या वेळानं वाटी रिकामी दिसली की उचलून नेत.

पण रक्त पातळ झालं आणि मास्तरांची पंचाईत झाली. ज्याला सुई टोचत नाही असा शिंपी दाखवा मला! पूर्वी टोचली तर बोट चोखलं की विषय संपला. आता ठिपकाभर रक्त थांबता थांबेना. सुई लागू नये म्हणून बोटात टोपण घातलं तर मास्तरांना टाका कळत नसे. गडद कपड्यावर सगळं खपून जाई, पण सातेक महिन्यांनी नेमके एका मोठ्या हॉटेलनं आचाऱ्यांचे चाळीस कोट शिवायला दिले. पांढरेशुभ्र, दुहेरी छातीचे, दहा दहा बटणांचे, आणि प्रत्येक काज हातानं करायचं. पहिल्या सात कोटांपैकी पाचांवर लाल ठिपके पडले. मास्तर थुंकी लावून पुसत बसले. आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीनं जातो, असं शिंपी मंडळी शपथेवर सांगतात. तरी दोनचार राहिलेच, आणि काकूंच्या तोंडात तीळ भिजेल तर ना!

"अहो, कोट शिवताय की मुडदे पाडताय? लाज वाटते मला हे गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला. झेपत नसेल तर सांगून टाका एकदाचं, मास्तर थकले म्हणून."

मास्तर त्या दिवशी हसले नाहीत. काकू तोवर आत पोळ्या लाटायला गेल्याही होत्या.

पुढच्या आठवड्यात डाग कमी झाले. नंतर तर थांबलेच. एकामागून एक कोट असे निघू लागले की खिडकीशी धरून, उलटे करून, बाह्या ओढूनसुद्धा काकूंना बोट ठेवायला जागा सापडेना. शेवटी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हात बसला हो तुमचा परत! अगदी पहिल्यासारखा." मास्तर बघतच राहिले. मग मान खाली घालून त्यांनी मशीन इतकं जोरात पळवलं की विचारू नका.

अडतीस कोट झाले आणि एकोणचाळिसाव्याच्या कॉलरशी मशीन थांबलं. भर दुपारची वेळ. काकूंनी डोकावून पाहिलं, तर मास्तर कोट तसाच मशीनवर टाकून स्टुलावर पुढे वाकून बसलेले. कपाळावर घाम.

"काय होतंय?"

"काही नाही गं. पित्त."

"पित्तानं शर्ट भिजतो?"

"जबडा जरा ओढतोय. पडतो पाच मिनिटं. दोनच कोट राहिलेत, संध्याकाळी हॉटेलचा माणूस येणार आहे."

"खड्ड्यात गेला हॉटेलचा माणूस!" काकू म्हणजे हातपाय गाळून बसणारी बाई नव्हे. शेजारच्या घड्याळवाल्याला त्यांनी अशी हाक मारली की तो डोळ्याला भिंग लावलेला तसाच धावत आला. त्याच्या गाडीतून वीस मिनिटांत ते हॉस्पिटलात पोचले. मास्तर वाटेत दोनदा म्हणाले, "उगाच घाबरतेस." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाज नीट फुटला नाही.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मास्तरांना पलंगावर घेतलं, छातीला तारा लावल्या, कार्डिओग्राम काढला. सिस्टरनं ओला शर्ट उतरवून काकूंच्या हातात दिला. डॉक्टरीण कार्डिओग्रामची पट्टी उजेडाकडे धरून बघत होती.

"ह्यात तसं काही ठळक दिसत नाही. मागच्या महिन्यातली तपासणीही चांगली आहे. पित्तसुद्धा असू शकतं. गोळ्या नियमित चालू आहेत ना? दोन्ही?"

"रोज घेतो," मास्तर म्हणाले.

"मी स्वतः देते," काकू ठसक्यात म्हणाल्या. "एक दिवस चुकलेला नाही."

"छान. मग रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत तासभर थांबू. गरज पडली तर मोठ्या डॉक्टरांना बोलावू." ती पुढच्या पलंगाकडे वळली.

तासभर! काकूंचा जीव थोडा खाली बसला. त्या शर्टाची घडी घालायला लागल्या आणि खिशात काहीतरी खुळखुळलं. खिशात मास्तरांची खडूची डबी असायची, कापडावर खुणा करायच्या खडूची. पण खडू असा खुळखुळत नाही. काकूंनी झाकण उघडलं. आत गोळ्या होत्या. गुलाबी आणि पांढऱ्या, खडूची पूड लागलेल्या, मूठभर. फेकवल्या नव्हत्या मास्तरांना. औषध फेकायचं जिवावर आलं असणार!

डाग का थांबले ते आता उमगलं. हात बसला नव्हता, काहीही बसलं नव्हतं. बोटांना पूर्वीइतक्याच सुया टोचत होत्या.

त्यांनी वर पाहिलं. मास्तर त्यांच्याकडेच बघत होते. चेहरा राखेसारखा झालेला, आणि मान हळूच नकारार्थी हलत होती. सांगू नकोस. पस्तीस वर्षांत ह्या माणसानं बोटभर मापसुद्धा कधी खोटं सांगितलं नव्हतं. आता चारचौघांत, त्या कोवळ्या डॉक्टरणीसमोर, त्याला खोटं पाडायचं? आणि आपण काय म्हणालो आत्ता, ठसक्यात? एक दिवस चुकलेला नाही!

मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. "अगं, पित्तच आहे. तासाभरात सोडतील. घरी गेल्यावर बोलू."

पकड इतकी ढिली होती की काकूंना रडूच फुटलं. त्यांनी मनगट सोडवून घेतलं.

"डॉक्टरीणबाई!" सगळा विभाग वळून बघायला लागला. "मी खोटं बोलले. म्हणजे मला माहीत नव्हतं. गोळ्या बंद आहेत ह्यांच्या. ह्या बघा!"

डॉक्टरीण तीन पावलांत पलंगाशी आली. डबीत बघितलं, मग मास्तरांकडे. "किती दिवस झाले?"

मास्तरांनी डोळे मिटले.

"अहो, सांगा!" काकू ओरडल्या. "तुमच्या पाया पडते, सांगा!"

"तेरा," मास्तर म्हणाले. "कोट झाले की परत सुरू करणार होतो."

पुढचं सगळं फार भराभर झालं. दुसरा कार्डिओग्राम निघाला, ह्या वेळी तारा पाठीच्या बाजूलाही लावल्या, आणि पट्टी बघताच डॉक्टरणीचा आवाज बदलला. फोनवर ती म्हणाली, "सर, आठ महिन्यांपूर्वीचा स्टेंट, गोळ्या तेरा दिवस बंद. हृदयाच्या पाठीमागच्या बाजूला अटॅक दिसतोय. हो, आत्ता आत आणते." पलंग चाकांवर पळायला लागला. काकू बरोबर धावल्या, तर ऑपरेशनच्या खोलीच्या दारात सिस्टरनं अडवलं. दार बंद झालं. काकूंच्या हातात शर्ट होता आणि ती मेली डबी.

दीड तास त्या दाराबाहेरच्या बाकावर बसून होत्या. घड्याळवाल्यानं पाणी आणून दिलं ते तसंच राहिलं. त्या सारखं तेच वाक्य आठवत होत्या. झेपत नसेल तर सांगून टाका. किती सहज बोलून गेलो आपण! भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं, तसं.

शेवटी मोठे डॉक्टर बाहेर आले. जाळीत गुठळी झाली होती, ती काढली, रक्त वाहतंय. हृदयाच्या एका कोपऱ्याला थोडी इजा झाली आहे, ती राहणार. "पण रिपोर्टसाठी तासभर थांबलो असतो," ते म्हणाले, "तर मी तुमच्याशी वेगळंच बोलत असतो."

काकूंनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर उशीला टेकून बसले होते. काकू शेजारी. हळूच काकूंनी विचारलं, "का केलंत असं?"

मास्तर हातांकडे बघत म्हणाले, "थकलो म्हणालीस ना. मग डाग गेले, आणि तू म्हणालीस, हात बसला. फार बरं वाटलं गं. मग परत गोळी घ्यावीशीच वाटेना."

तेवढ्यात एक सिस्टर फॉर्म घेऊन आली. स्टेंट बसवलेल्यांचं पुढे काय होतं, त्याची ती नोंद ठेवत असे. नाव, वय, तारीख विचारून झाली. मग तिनं विचारलं, "गोळ्या थांबवण्याचं कारण? विसरलात, त्रास झाला, परवडत नव्हत्या, की डॉक्टरांनी सांगितलं?"

मास्तर म्हणाले, "विसरलो, लिहा."

"विसरले नाहीत ते," काकू म्हणाल्या. "बायकोनं कामाला नावं ठेवली म्हणून थांबवल्या. तसं लिहा."

"अगं, काहीतरीच काय!" मास्तर कानकोंडे झाले.

सिस्टरनं पेन थांबवलं. "काकू, ह्यात तसा रकाना नाही हो."

"मग 'इतर'मध्ये लिहा," काकू म्हणाल्या. डोळे भरले होते, तरी आवाज मात्र नेहमीचाच होता. "पण लिहा. आणि नीट अक्षरात लिहा, मी वाचणार आहे."