बाबांनी दाबलेलं बटण

मला भंगारात दिलं असतं, तर बाबांचे दोन फायदे होते. टीव्हीखालचा कप्पा रिकामा झाला असता आणि भंगारवाल्याशी घासाघीस करायला मिळाली असती. दुसरा फायदा त्यांना अधिक प्रिय. पण मित्रांनो, मी अजून त्याच कप्प्यात आहे. मी एक जुना गेम कन्सोल. या घरात मला ‘डबा’ म्हणतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काळी पाठ आरशासारखी चमकायची. घरातल्या धाकट्याने हट्ट करून मला आणवलं. त्याने माझ्यावर किल्ले जिंकले, गाड्या उलटवल्या, आणि हरला की खापर माझ्यावरच फोडलं. मग त्याला परगावी नोकरी लागली. माझ्या पाठीवर आधी फुलदाणी आली, मग धूळ.

पुढे ताई कामाला होती तो छापखाना बंद पडला. ताई धाकट्याची थोरली बहीण. पुस्तकाची पानं मांडण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. एका प्रकाशकाने घरबसल्या काम देऊ केलं, पण अट घातली: सोमवारी संध्याकाळपर्यंत एक धडा चित्रांसकट मांडून पाठवा, मग बघू. घरात कॉम्प्युटर नव्हता, आणि नवा घ्यायची ऐपतही नव्हती.

रविवारी मोबाईल दुरुस्त करणारा मावसभाऊ आला. त्याने माझं झाकण उघडलं.

“काका, एवढ्या धुळीत रोप लावता येईल!”

“लाव की,” बाबा म्हणाले. “तुझ्या डोक्यापेक्षा बरं उगवेल.”

जुने खेळ पुसल्याशिवाय जागा होणार नव्हती. ताईने धाकट्याला फोन लावला.

“पूस गं. मी आता कुठे खेळतोय? तो बर्फातला किल्ला तेवढा... जाऊ दे, पूस.”

मग कीबोर्ड आला, पेनड्राइव्ह लागला आणि टीव्हीच्या पडद्यावर चक्क कॉम्प्युटर उभा राहिला. निघताना मावसभावाने बजावलं, “ताई, हा बंद केलास की आपण कॉम्प्युटर आहोत हेच विसरतो. पुन्हा पेनड्राइव्हवरून आठवण करून द्यायची. आणि काम साठवताना वीज घालवलीस, तर काम गेलंच समज.”

आता बाबा. घरोघरचे वीजमीटर वाचून निवृत्त झालेले. खोलीतून निघताना बटण बंद केलं नाही, तर त्यांना घास गिळवत नाही. “रिकाम्या भिंतींना उजेड कशाला? त्यांना काय पेपर वाचायचाय?” हे त्यांचं ठरलेलं.

सोमवारी दुपारी धडा मांडून झाला. मी तो सावकाश पोटात उतरवून घेत होतो. वय झालंय माझं. तेवढ्यात ताई चहा टाकायला उठली आणि जाताना तिने टीव्ही बंद केला. बापाचीच लेक! बाबा आले. काळा पडदा पाहिला, माझा इवलासा दिवा पाहिला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

“बाबा, काय केलंत हे!”

“काय केलं? टीव्ही बंद, आणि हा फुकटचा जळत होता.”

“धडा गेला,” ताई एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर बाबांना सोपं गेलं असतं.

मला पुन्हा जागं केलं. ताई पहिल्या पानापासून बसली. बाबांनी स्टूल ओढलं, बटणांच्या बोर्डाला पाठ लावली आणि जागचे हलले नाहीत. शेजाऱ्याने दारातून हाक दिली, “अहो, सामना रंगलाय, या आमच्याकडे!”

“ड्युटीवर आहे,” बाबा म्हणाले.

दिवेलागणीला धडा प्रकाशकाकडे गेला. दोन दिवसांनी काम आलं.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिचं झाकण एकदा उघडा, धूळ पुसा. तिच्यात आणखी एखादा जन्म शिल्लक असू शकतो. आणि कुठलंही बटण दाबण्याआधी घरात विचारा.

राहिला हिशेब. धाकट्याने किल्ला दिला, मावसभावाने रविवार, बाबांनी सामना. महिनाअखेरीला विजेचं बिल आलं. दिवसभराच्या माझ्या भुकेने ते चांगलंच फुगलं होतं. बाबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

“किती आलं, बाबा?” पडद्यावरची नजर न काढता ताईने विचारलं. “जास्तीचं मी देणार.”

“नेहमीइतकंच,” बाबा म्हणाले आणि बिल खिशात घातलं.

उभ्या नोकरीत मीटरचा एकही आकडा त्यांनी चुकीचा सांगितला नव्हता. हा पहिलाच. निघताना त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला, अडला, मागे आला. मग चप्पल घालून ते बिल भरायला गेले.