‘सुटे’ नावाचा फोल्डर

त्या शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता खळकाकांनी बायकोचं पुस्तक उघडलं, तर त्यात एकही फोटो नव्हता.

पुस्तक कागदाचं नव्हतं. कॉम्प्युटरवर होतं, अठ्ठेचाळीस पानांचं. पानांचे रंगीत कागद जागच्या जागी होते. फोटोंच्या चौकटी होत्या, प्रत्येक चौकटीला बायकोनं दिलेली बारीक सावली होती, सावलीखाली तिनं लिहिलेली ओळ होती. फक्त चौकटीच्या आत राखाडी रंग होता आणि मधोमध बारीक अक्षरांत लिहिलं होतं: चित्र सापडत नाही. त्यांनी दुसरं पान काढलं. तेच. एकदम तिसावं काढलं. तेच. एक्केचाळिसावं काढायला बोट पुढे झालं आणि तिथंच थांबलं.

एक्केचाळिसाव्या पानासाठी लेक दुपारी चारला येणार होती.

खळकाका हे नाव गल्लीनं ठेवलेलं. माणूस धंद्यानं बाइंडर. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं शिवली, पुठ्ठे चढवले, आणि बोटांना खळीचा वास जो लागला तो काही गेला नाही. बायको जाऊन सव्वापाच महिने झाले होते. ती गेल्यावर आठव्या दिवशी त्यांनी तिचं कपाट मोकळं केलं. हात रिकामे राहिले की घर अंगावर येई, म्हणून हातांना काम दिलं. कपडे दिले, चष्मा दिला, उरलेली औषधं परत केली, फोन पुसून कोपऱ्यावरच्या दुकानात देऊन टाकला. लेक आली, तिनं उघडं कपाट पाहिलं आणि म्हणाली, “आठ दिवसांत आवरून टाकलंत आईला?” तेवढं बोलून गेली. त्यानंतर पाच महिने तिनं फोन केला नाही आणि यांनाही करवला नाही.

बुधवारी फोन आला.

“बाबा, आईचं ते पुस्तक छापून घेऊ या. मी शनिवारी येते, चारला.”

“ये की.”

“आणि तो खिडकीतला फोटो आहे ना त्यात? माझ्याकडे नाहीये तो. आईच्याच फोनवर होता.”

“आहे. एक्केचाळिसावं पान.”

“नक्की ना?”

“अगं, मी पाहिलाय.”

पाहिला होताच. इस्पितळाची खिडकी, खुर्चीत बायको, मागे उभी लेक, नर्सनं काढलेला. दोघींचा शेवटचा.

आता त्या राखाडी चौकटींकडे बघताना खळकाकांना पंधरा दिवसांपूर्वीची दुपार आठवली. कॉम्प्युटर कुरकुरत होता, जागा संपत आली म्हणून. धुंडाळताना एक फोल्डर दिसला. बायकोनं नाव दिलं होतं ‘सुटे’. आत एकशेएकतीस भलेमोठे फोटो, आणि सगळे पुस्तकातलेच. त्यांच्या धंद्यात फोटो एकदा पानावर चिकटवला की तो पानाचा झाला. मागे जे सुटं उरतं ते कात्रण, ते झाडून टाकायचं. शिवाय बायकोनं प्रत्येक फोटोला सावली अशी बेतून दिली होती, की खळ लावून दाबल्यासारखाच दिसे. चाळीस वर्षं चिकटवण्यात गेलेला माणूस त्या सावलीला फसला. त्यांनी फोल्डर कचरापेटीत टाकला, कचरापेटीही रिकामी केली. कायमचं काढून टाकू का, असं मशीननं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी हो म्हटलं.

ते तसेच उठले आणि वाचनालयात गेले. तिथं वरच्या मजल्यावर क्लासच्या बाई मोठ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवायच्या. बायकोनं दोन वर्षं त्यांच्याकडे हे पुस्तक करायला शिकण्यात घालवली होती.

बाई खुर्च्या मांडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातली खुर्ची खाली ठेवली.

“पानावर फोटो नसतोच हो. फोटोचा पत्ता असतो. पान उघडलं की मशीन त्या पत्त्यावर जाऊन फोटो घेऊन येतं. तुम्ही पत्ता ठेवलात आणि घर पाडलंत.”

“पण चिकटवला होता ना तिनं.”

“खळ होती का तिथं? मी वर्गात दहा वेळा सांगितलंय, मूळ फोटो हलवायचे नाहीत, दोन ठिकाणी ठेवायचे. तुमच्या बायकोनं लिहून घेतलं होतं. तुम्ही खाली बाकावर पेपर वाचत बसायचात.” मग त्यांचा चेहरा बघून बाई जरा नरमल्या. “अख्ख्या पुस्तकाची एक वेगळी फाइल काढून ठेवली होती का तिनं? छपाईसाठी काढतात ती?”

“ती सगळं संपल्यावर काढायची होती. शेवटची दोन पानं राहिली होती.”

“फोन?”

“दिला. पुसून.”



“ऐका,” त्या म्हणाल्या. “काढून टाकलेलं लगेच जात नाही. फक्त त्या जागेवर ‘रिकामी’ अशी पाटी लागते. दुसरं काही येऊन तिथं बसेपर्यंत आपण उचलू शकतो. म्हणून मशीन बंद ठेवायचं. बंद केलंय ना?”

“चालूच आहे. येता येता त्यानं विचारलं, नवीन आवृत्ती उतरवून घेऊ का. मी हो म्हटलं.”

“तुम्हाला नाही म्हणता येतं का कशाला?” बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून जिन्याकडे पळाल्या. वर्गाला आलेल्या दोन आजोबांना त्यांनी जाता जाताच घरी पाठवलं.

घरी पोहोचले तेव्हा पडद्यावर आकडा होता अडतीस टक्के. बाईंनी एकोणचाळीस होऊ दिला नाही, भिंतीतली पिनच उपटली. मग आपल्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, सापडेल ते ठेवायला दुसरी डिस्क जोडली आणि शोध लावून दिला. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. पावणेअकरा झाले होते.

“हात मागे,” बाई म्हणाल्या. “टेबलाला धक्कासुद्धा नको.”

खळकाका हात मागे बांधून उभे राहिले. बाईंनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सव्वाबाराला पहिला फोटो सापडला, एक वाजेपर्यंत चाळीस झाले. दीडला पट्टी संपली. सत्त्याण्णव. त्यातले अकरा फाटके, म्हणजे वरचा भाग दिसतो आणि खाली राखाडी चिखल. धड म्हणावेत असे शहाऐंशी.

“खिडकीतला?” काकांनी विचारलं.

बाईंनी एकेक उघडून पाहिला. तो फाटक्या अकरांत निघाला. खिडकीचा वरचा भाग होता, लेकीचा चेहरा होता, अख्खा. खाली बायकोचे केस आणि कपाळ. भुवयांपासून पुढे राखाडी.



“बाकीचे तर लावायला घ्या,” बाई हळू म्हणाल्या. “नावं पुसली गेलीत, नुसते आकडे उरलेत. कुठला कुठल्या चौकटीत ते ओळी वाचून ठरवा.”

इथं दुसरा घोळ झाला. वर्गात बाईंनीच एक युक्ती शिकवली होती: फोटोत दिसतं ते खाली लिहू नका, ते दिसतंच. दिसत नाही ते लिहा. बायकोनं ती अक्षरशः पाळली होती. त्यामुळे एका चौकटीखाली होतं, ‘पाच मिनिटांपूर्वी रडत होती.’ दुसरीखाली, ‘शेजारच्यांचं कुत्रं जरा डावीकडे आहे.’ तिसरीखाली, ‘ह्यानंतर छत्री हरवली.’ शहाऐंशी फोटोंत ना कुठं कुत्रं, ना छत्री, ना रडणं.

“माझीच शिकवण माझ्याच गळ्यात,” बाई म्हणाल्या.

‘फोटो काढणाऱ्याला ताप होता’ हे मात्र काकांनी चटकन ओळखलं. ताप त्यांनाच होता. लेकीचा शाळेतला पहिला दिवस. तो बसला. असं करत करत तीनपर्यंत एकोणीस बसले. त्यापुढे नुसता अंदाज.

एक्केचाळिसाव्या पानावर ओळ होती, ‘नर्सला म्हटलं, माझे सुजलेले पाय तेवढे येऊ देऊ नको.’

बाईंनी घड्याळ पाहिलं. “एक सुचवू? फाटक्या कागदाची पट्टी मिळते यात. कडा फाडल्यासारखी असते. फोटोच्या खालच्या अर्ध्यावर ती तिरकी लावायची, वर दोन पानं-फुलं टाकायची. मुद्दाम केल्यासारखं दिसतं. तिला वाटेल आईनंच असं सजवलंय.”

“कळणार नाही?”

“मला नाही कळणार, तर तिला काय.”

त्यांनी लावून दाखवलं. पट्टी फिक्या पिवळ्या रंगाची होती. राखाडी झाकलं गेलं. वर लेकीचा चेहरा, तिच्याखाली केस आणि कपाळ, आणि मग कागद. छान दिसत होतं, हेच काकांना सोसेना. बाईंना साडेतीनचा वर्ग होता. “तुमचं तुम्ही ठरवा,” म्हणून त्या गेल्या.

खळकाका एकटेच बसले. नुसतं गप्प राहायचं होतं. लेक येईल, बघेल, डोळे पुसेल, डिस्क घेऊन छापखान्यात जाईल. पुन्हा फोन करू लागेल. इतर चौकटींत अंदाजानं काहीबाही बसवलं तर तेही खपून जाईल. आणि खरं सांगितलं तर पाच महिन्यांचे पंचवीस महिने होतील, किंवा कायमचेच.

पण त्यांच्या दुकानाचा एक रिवाज होता. जुनं पुस्तक बांधायला आलं आणि पान गहाळ निघालं, तर बांधायच्या आधी गिऱ्हाइकाला सांगायचं. कोरं पान घालून गुपचूप शिवायचं नाही. असं शिवणाऱ्या बाइंडरांना त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली होती.

चारला दहा कमी असताना त्यांनी पट्टी काढून टाकली. तेवढ्यात बेल वाजली.

लेक आत आली. खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती.

“कसे आहात? बारीक झालात.”

“बस आधी.”

“बसते की. दाखवा ना पहिलं.”

“फोटो गेले,” खळकाका म्हणाले. “मी काढून टाकले. पंधरा दिवस झाले. क्लासच्या बाई येऊन गेल्या, काही सापडले. खिडकीतला अर्धाच सापडला. तू आहेस त्यात. आई नाही.”

लेकीनं पडद्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

“कशाला काढलेत?”

“जागा आवरत होतो.”

“आवरत होतात.”

“हो.”

“परत आवरत होतात.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. “मला वाटलं, निदान एक गोष्ट आहे ज्याला तुम्ही हात नाही लावणार. माझंच चुकलं. बुधवारीच यायला हवं होतं.”

“बुधवारीही गेलेलेच होते.”

“म्हणजे तुम्ही फोनवर खोटं बोललात?”

“नाही. तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, चिकटलेत.”

ती दाराकडे वळली. बूट घालायला वाकली. खळकाकांना थांब म्हणायचं होतं, पण कुठल्या तोंडानं म्हणणार. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि जे समोर होतं तेच विचारलं.

“‘ह्यानंतर छत्री हरवली.’ हा कुठला?”

लेक वाकलेलीच राहिली.

“छत्री हरवली नव्हती,” ती बुटाकडे बघत म्हणाली. “मी बसमध्ये मुद्दाम सोडली होती. घाणेरडा रंग होता तिचा. आईला माहीत होतं?”

“मला नाही माहीत.”

“तिला माहीत होतं. तिनं ‘हरवली’ लिहिलंय, तुम्ही वाचणार म्हणून.” ती सरळ उभी राहिली. “माझा हिरवा फ्रॉक असेल त्या फोटोत. केस बारीक कापलेले. आहे का असा?”

काकांनी शोधला. आकडा सेहेचाळीस. हिरवा फ्रॉक, बारीक केस, हातात काहीच नाही.

लेकीनं एक बूट काढला. दुसरा पायातच होता. ती येऊन शेजारच्या खुर्चीत बसली, बॅग मांडीवर घट्ट धरून.

“मी तुमच्याशी बोलत नाहीये,” ती म्हणाली. “मी आईच्या पुस्तकाचं काम करतेय.”

“बरं.”

“आणि माउस मला द्या. तुम्ही कशालाही हो म्हणता, एवढाच मेसेज केलाय मला आईच्या क्लासच्या बाईंनी.”

खळकाकांनी माउस दिला.

कुत्र्याचा फोटो तिनं एका दमात ओळखला. रडण्याचा कुठला, यावर दोघांची जुंपली; ती म्हणे मामाच्या घरचा, हे म्हणत दवाखान्यातून आल्यावरचा. मामाच्या घरचाच निघाला. मागे त्याचा रेडिओ दिसत होता. एक्केचाळिसावं पान आलं तेव्हा तिनं ओळ वाचली, अर्ध्या फोटोतल्या कपाळावर बोट ठेवलं आणि पान बदललं.

दिवे लावायच्या सुमाराला ती उठली. पुढच्या शनिवारी येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. सापडलेल्या फोटोंच्या दोन प्रती तिनं काढल्या, एक बॅगेत टाकली.

एकाहत्तर चौकटी भरल्या आहेत. पंधरा फोटो कुठले ते दोघांनाही सांगता आलं नाही. साठ चौकटी रिकाम्या आहेत. एक्केचाळिसाव्या पानावर काय ठेवायचं ते ठरलेलं नाही, शेवटची दोन पानं झालेली नाहीत आणि पुस्तक छापायला गेलेलं नाही.