विंचरलेल्या शेळ्या

वसंतातल्या आभाळाचा आणि माणसाच्या मनाचा भरवसा धरू नये, असं गोबीच्या वाळवंटाकडची माणसं येताजाता म्हणतात आणि तरी दर वर्षी कुणी ना कुणी फसतंच. या वर्षी दुलमा फसली, आणि तिनं नवऱ्यालाही सोबत ओढलं.

झालं होतं एवढंच. शेजारच्या तळावरच्या खांडसुरेननं मुहूर्तापुरती चार खच्ची बोकडांना फणी लावली होती. दुलमानं ते पाहिलं आणि घरी येऊन शगदरला ठोकून दिलं, "त्यांच्या सगळ्या शेळ्या विंचरून झाल्या. आपणच बसलोय आभाळाकडं तोंड करून."

"आठ दिवस थांबू," शगदर म्हणाला. "गुडघा ठणकतोय माझा."

"तुझा गुडघा उन्हाळ्यातही ठणकतो. पश्मिना काय त्याला विचारून गळणार आहे? निम्मी लोकर झुडपांना लागली बघ."

खांडसुरेन आभाळ ओळखण्यात पक्की. तिनं विंचरल्या म्हटल्यावर शगदरलाही धीर आला. तीन दिवसांत सत्तर शेळ्यांच्या अंगावरची ऊब पोत्यात जाऊन बसली.

चौथ्या दिवशी असं ऊन पडलं की शगदर जाड अंगरखा घरीच टाकून घोड्यावर बसला आणि शेळ्यामेंढ्या घेऊन विहिरीकडं गेला. दुपारी वायव्येला तपकिरी भिंत उभी राहिली. आधी धूळ, मग गडगडाट, मग बदाबदा पाऊस. भिजलेल्या जनावरांवर लगेच बर्फ सुरू झाला. अशा वेळी कळप वाऱ्याला पाठ देऊन पळत सुटतो आणि कुणाच्या बापाला वळत नाही. राखणाऱ्यानं त्याच्यामागं जायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. दुलमा अंगरखा घेऊन धावली, पण दहा पावलांत तिला स्वतःचा तंबूही दिसेना. ती चाचपडत, रडत परत आली. चुलीपाशी बसून तिनं स्वतःला नाही नाही त्या शिव्या घातल्या. शेळ्या गेल्या तर जाऊ देत, माणूस तेवढा परत येऊ दे, असं ती आभाळाला दोन दिवस विनवत होती.

तिसऱ्या सकाळी वारा पडला. खांडसुरेनचा नवरा जाम्बा दोन घोडे घेऊन दारात आला.

"वहिनी, चला. रडणं नंतर."

पहिली शेळी विहिरीजवळच गोठून पडलेली सापडली. पुढं दोन-दोन, तीन-तीन. नंतर दुलमानं त्यांच्याकडं बघायचंच सोडलं. दुपारी एका कोरड्या ओढ्यात मेंढ्या अंगाला अंग लावून उभ्या दिसल्या. त्यांच्या मधोमध शगदर पडला होता. बोटं मेणासारखी पांढरी, पण श्वास चालू होता. दुलमानं त्याला अंगरख्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि थर्मासमधला मिठाचा चहा घोट घोट पाजला.

"मेंढ्या आहेत," डोळे उघडून तो पुटपुटला. "शेळ्या गेल्या." मग त्याला जाम्बा दिसला. "अरे, तू इकडं कशाला आलास? तुझ्याही विंचरलेल्या ना? तुझ्या किती उरल्या?"

जाम्बा गोंधळला. "आमच्या कुठं विंचरल्यात, दादा? खांडसुरेन म्हणाली, थंडीचा अजून एक तडाखा बाकी आहे."

शगदरनं दुलमाकडं पाहिलं. तिला वाटलं, आता थाप मारली तरी मारता येईल. पण तिला त्याचीही लाज वाटली.

"मी खोटं बोलले तुझ्याशी," ती म्हणाली.

तिनं पुन्हा प्याला त्याच्या ओठांना लावला, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं.

"जाम्बा," तो म्हणाला, "तू पाज."