शेळीच्या मानेपर्यंत

मी नरडाण्याजवळच्या एका बांधावरची म्हातारी बाभूळ आहे. मित्रांनो, काटे टोचतात म्हणून तुम्ही माझ्याखाली कधी बसला नाहीत. हरकत नाही. काटे तुमच्यासाठी नव्हतेच, शेळीसाठी होते.

आमचं आणि शेळ्यांचं भांडण फार जुनं. ज्या बाभळींना काटे नव्हते त्या शेळ्यांनी संपवल्या. काट्यांच्या तेवढ्या उरल्या. मग काट्यांमधून पाला ओढणाऱ्या निमुळत्या ओठांच्या शेळ्या उरल्या. आमचा पाला तुरट झाला, तर त्यांचं पोट तुरट पचवू लागलं. हजारो पिढ्या असंच चाललं. शेवटी न बोलता एक समझोता झाला. पाला बेताने खायचा, शेंगा पोटभर खायच्या आणि बी दूर नेऊन लेंडीसोबत टाकायचं. ऐकायला बरं वाटत नाही, पण आमच्याकडे पोरं अशीच परगावी जातात.

या समझोत्यावर विसंबून मी काटकसर केली. मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या शेळीचं तोंड पोचेल तिथवर काटे ठेवले, वर सोडून दिले. उगाच कशाला खर्च?

मग एका उन्हाळ्यात शेळ्या राखणारी भिकुबाई आली. तिच्या लांब बांबूच्या टोकाला विळा बांधलेला. तिने माझे वरचे बिनकाट्याचे शेंडे सरसर खाली पाडले. शेळीला कधी बांबू फुटेल, हे हजारो पिढ्यांत आमच्यात कुणाला सुचलं नव्हतं. तिची लाडकी शेळी चंद्री मान वर न करता जेवली.

तरी मी शेंगा दिल्या. पावसाळ्यात चंद्रीच्याच लेंडीतून माझं एक रोप उगवलं. चंद्री आली, तिने ते हुंगलं आणि खाल्लं. लावलंही तिनेच, खाल्लंही तिनेच. त्या दिवसापासून मी तिच्याशी अबोला धरला. तिला ते अजून कळलेलं नाही.

आता एकच इच्छा उरली. एक तरी पोर शेळीच्या तोंडाहून उंच झालेलं बघायचं.

वेळ थोडा होता. मग गावोगाव सुबाभळीचं भारी कौतुक सुरू झालं. चारा भरपूर, वाढ झपाट्याची, काटा एक नाही. ती ‘सु’, मग मी कोण? शेताचे मालक हिलाल आबा यांनी तिची रोपं लावायचं ठरवलं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी आधी खतासाठी भिकुबाईच्या शेळ्या शेतात बसवल्या. शेळ्या दिवसा माझ्या शेंगा खात आणि रात्री शेतात लेंड्या टाकत. पाऊस झाल्यावर आबांनी रोपं लावली आणि भोवती कुंपण घातलं, माझ्याच खालच्या फांद्यांचं. माझा एकेक काटा परक्यांची पोरं राखायला उभा राहिला.

“भिकुबाई, तुन्ही चंद्रीले सांग, आते हाई कुंपन वलांडीसन दखाड!” आबा म्हणाले.

“ती कसाले वलांडी? तठे काय तिन्हं माहेर शे?”

काही आठवड्यांत कुंपणाच्या आत रोपांची दाटी झाली. सुबाभूळ आपोआप फोफावते असं आबांनी ऐकलं होतं. ते बादलीने पाणी घालत राहिले. लहानपणी सुबाभळीची आणि आमची पानं सारखीच दिसतात. आबांनी लावलेली रोपं त्या दाटीत कधीच दबून गेली होती. खत चंद्रीचं, पाणी आबांचं, काटे माझे आणि पोरंही माझीच.

एका सकाळी आबांनी झटकन बोट मागे घेतलं. “ओ माय! हाई ते बाभूय शे! बठ्ठी बाभूय!”

भिकुबाई हसून हसून बांधावरच बसली. “आबा, मन्या बकऱ्या तुम्हीच बसाडेल व्हत्यात ना!”

आबा रागाने माझी एकूणएक पोरं उपटू लागले. शेवटचं बांधाला लागून होतं. तेव्हा भिकुबाईचं हसू थांबलं. “आबा, एक राहू द्या. चैतमा गवत नही ऱ्हास. मन्या बकऱ्या काय दगडं खातीन?”

“मंग एकच ऱ्हाई. बुढी तोडी टाकसू.”

तोडली. पोराभोवती नवं कुंपण लागलं, तेही माझंच. मित्रांनो, मी रडले नाही. पोर वाचलं होतं.

दोन वर्षांत कुंपण वाळवीने खाल्लं. पोर आता शेळीच्या तोंडाहून वर गेलंय. आमच्या घराण्याच्या शिकवणीप्रमाणे वरच्या फांद्यांवर त्याने काटे सोडून दिलेत. मी उरले ते गुडघाभर खोड, त्याच्या अगदी शेजारी. काल चंद्री माझ्यावर चढली. मग मागच्या पायांवर उभी राहिली. तिचं तोंड बरोब्बर काटे संपतात त्याच्या वर पोचलं.

म्हणून एवढंच मागणं आहे. झाडं जपा वगैरे तुम्हाला गुरुजी सांगतीलच. तुम्ही कुऱ्हाड घेऊन या आणि हे खोड काढून न्या. चुलीत छान जळतं.