भविष्य सांगणारं कपाट

कापडाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळपासून रांग लागायची. आत एक लोखंडी कपाट, त्यावर लुकलुकणारे निळे दिवे आणि शेजारी पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ. लोक त्याला काळज्ञ म्हणत.

"हे थोतांड नाही, शुद्ध विज्ञान आहे," तो बजावायचा. "काळ वाकतो, लहरी परततात, यंत्र त्या टिपतं."

वाकलेला काळ नेमका याच्याच दारात कसा सरळ होतो, हे कुणी विचारत नसे. कारण कपाट बोलू लागलं की भलेभले गार पडत. घरातलं आजारपण, रुसवेफुगवे, मोडलेलं लग्न, सगळं ते न विचारता सांगायचं.

त्या रांगेत एक लेखिकाही येऊन गेली. विज्ञानकथा लिहिणारी, शाळांमधून मुलांशी बोलणारी, गावाच्या ओळखीची. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. एक दिवस त्याच्या उजव्या डोळ्यापुढे सावली उतरली. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, आतला पडदा सुटलाय, ऑपरेशन ताबडतोब करायला हवं. मात्र नजर पूर्ण परत येईलच असं सांगता येत नाही. डोळ्याला सुरी लागणार म्हटल्यावर लेखिका घाबरली. तिला हवी होती खात्री. ती डॉक्टरांनी दिली नाही, कपाटानं दिली.

"उजवा डोळा. शस्त्र लावू नका. पडदा आपोआप बसेल."

डोळा कोणता हे त्याला कळलं कसं, एवढ्यावरच ती विरघळली. तिनं ऑपरेशन लांबवलं. पुढेही ती तिथे जात राहिली, दर वेळी तेच ऐकून धीर घेऊन परतत राहिली.

पडदा बसला नाही. दोघं पुन्हा दवाखान्यात गेली तेव्हा वेळ टळून गेली होती. त्या डोळ्यानं आता दिसणार नाही, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. घरी येऊन नवऱ्यानं कामाचं भिंग डाव्या डोळ्याला लावून पाहिलं, आणि ते काही केल्या नीट बसेना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या शरमेत तिला तो प्रश्न सुचला, जो कथा लिहिताना ती नेहमीच विचारायची: असं असेल तर? यंत्राला दिसत काहीच नसेल, नुसतं ऐकू येत असेल तर? बाहेरच्या बाकावर एक मायाळू बाई कायम बसलेली असे. "कुणाचं दुखणं, ताई?" असं तिनं विचारलं होतं, आणि लेखिकेनं तिच्यापाशी सगळं मन मोकळं केलं होतं.

ती पुन्हा गेली. बाकावरच्या बाईला तिनं हळूच सांगितलं, मुलगा जहाजावर गेलाय, बरेच दिवस खबर नाही. मग ती आत जाऊन बसली.

"समुद्र दिसतोय," कपाट म्हणालं. "तुमचा मुलगा सुखरूप आहे."

"मला मुलगा नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हता."

काळज्ञ लहरींबद्दल काहीतरी पुटपुटू लागला. तिनं उठून कपाटामागचा पडदा ओढला. तिथे एक माणूस माइकसमोर बसला होता. त्याच्यापुढच्या छोट्या स्पीकरमधून बाहेरच्या बाकावरची कुजबुज स्वच्छ ऐकू येत होती. मायाळू बाईच्या पिशवीत फोन चालू होता.

रांगेतले लोक आत घुसले. लेखिकेला वाटलं, आता निदान मान वर करता येईल. तेवढ्यात लेकीला कडेवर घेतलेली एक बाई पुढे आली.

"तुमच्यासारख्या शिकलेल्या बाई इथे येतात, हे बघूनच मी आले," ती म्हणाली. "यानं सांगितलं म्हणून हिची फिटची गोळी बंद केलीय मी."

लेखिकेची मान पुन्हा खाली गेली. बोलली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक होता, की लोकांना जवळ यावं लागलं.

"भविष्य कुणालाच दिसत नाही. कथा लिहिणारेसुद्धा ते सांगत नसतात. उद्या असं झालं तर आपण काय करू, एवढंच विचारतात, म्हणजे आज हातपाय हलवता यावेत. मुलांना मी हेच शिकवत आले, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा विचार करायचं काम एका कपाटावर टाकलं. माझ्या नवऱ्याचा डोळा गेला. तुम्ही असं करू नका. जो खात्री देतो, त्याला आधी विचारा, तुला हे कळलं कसं?"

मग ती त्या आईला म्हणाली, "चला, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ." आणि तिनं मुलीला घ्यायला हात पुढे केले. आईनं लेकीला दिलं नाही, पण ती लेखिकेच्या मागून जिना उतरली.