शेख मब्रूकचे वाळवंट

उम्म शाबानच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मातीच्या उंच बुरुजातून कबुतरांचा थवा उडाला आणि अख्ख्या गावाने माना वर केल्या. सगळी करडी! शेख मब्रूकने दोन्ही हात आभाळाकडे नेले.

"पाहिलंत? मी ताईत बांधला तेव्हा निम्मा बुरूज पांढरा होता. पांढऱ्या पिसात जिन्न लपतो, जिन्न! आता एक तरी दाखवा!"

लोक भारावून माना डोलवू लागले. घरची सून इन्साफ मात्र ओढणी छातीशी घट्ट धरून उभी होती. तेवढ्यात ओढणीतून एक चोच बाहेर आली.

"पांढरं!" कुणीतरी ओरडले.

नुकतेच उडायला लागलेले ते पिल्लू तिने लपवून ठेवले होते, कारण पांढरे दिसले की शेख ते करंडीत घालून नेई. त्याचे आईबाप दोघेही करडे होते. दुसरा कोणी असता तर गडबडला असता, पण शेखचे तोंड कधी कोरडे पडत नसे.

"माझ्या ताईताचा दोष नाही. घरात वाईट नजर शिरलीय. सुनेला माहेरी धाडा, नाहीतर बुरूज शुद्ध व्हायचा नाही."

नवरा, शाबान, स्वतःच्या चपला निरखू लागला. सासू उम्म शाबान म्हणाली, "बोचकं बांध, इन्साफ."

शेखने नजर लावणारी ठरवून परत पाठवलेल्या मुलीला पुन्हा कोण दारात उभे करणार?

"बोचकं राहू द्या. आधी मूठभर मसूर आणि तांदूळ आणा." हे उस्ताद फिक्री. लेकीच्या लग्नाच्या जेवणासाठी कबुतरे घ्यायला आले होते. इन्साफला शाळेत विज्ञान त्यांनीच शिकवले होते.

"उस्ताद, इथंच चूल मांडता की काय?" गर्दीतून टोमणा आला.

उस्तादांनी धुळीत चार घरांचा चौकोन काढला. "उम्म शाबान, ही पोर या घरात यायच्या आधी पांढरी पिल्लं व्हायची?"

"व्हायची की. निम्मा बुरूज पांढरा होता, शेखसाहेब आत्ताच म्हणाले ना!"

लोक हसले. शेख हसला नाही.

"आता बघा. प्रत्येक कबुतराकडे रंगाचे दोन दाणे असतात. पिल्लाला एक आईचा मिळतो, एक बापाचा. मसूर असला की पिल्लू करडं होतं, तांदूळ त्याच्यामागे दडून राहतो. या पिल्लाची आई मसूर-तांदूळ, बापही मसूर-तांदूळ." त्यांनी घरे भरली. "मसूर-मसूर, करडं. मसूर-तांदूळ, करडं. तांदूळ-मसूर, तेही करडं. आणि इथे?"

"तांदूळ-तांदूळ," वर्गात म्हणायची तशी इन्साफ हळूच म्हणाली. "पांढरं."

"हा पनेट नावाच्या शास्त्रज्ञाचा चौकोन. शेखसाहेब, जिन्नाला कोणत्या घरात बसवू?"

"मग बुरूज करडा झाला कसा? सांगा की!"

"तुम्ही केलात. पांढरी तुम्ही उचलून नेता, त्यांना पुढे पिल्लं होत नाहीत. राहतात त्यांचीच वाढतात. रानात हे काम ससाणा करतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या थव्याचा रंग बदलत जातो. उत्क्रांती अशीच चालते, तिला ताईत लागत नाही. आपल्या गावात ससाण्याची चाकरी तुम्ही पत्करलीत!"

"खोटं! मी ती वाळवंटात सोडतो, जिन्न वाऱ्यावर जावा म्हणून!"

उम्म शाबानने झटकन मान वळवली. तिचा जन्म कबुतरांत गेला होता.

"सोडता? माझं कबूतर तांता शहराच्या बाजारात विकलं तरी पंखांना बांधलेला दोरा सुटला की संध्याकाळी याच बुरुजावर येतं. तुमच्या वाळवंटातून एकसुद्धा कसं परतलं नाही?"

शेखचा हात नकळत पोटावर गेला. सगळ्यांचे डोळेही तिकडेच गेले.

"भाजक्या गव्हाचं सारण भरून सोडत असतील!" मागून कुणीतरी म्हणाले आणि अंगण हास्याने दणाणले. शेख करंडी तिथेच टाकून निघाला.

"लोकहो, हसून विसरू नका," उस्ताद म्हणाले. "उद्या कुणी दुसऱ्या सुनेकडे बोट दाखवेल. तेव्हा आधी विचारा, ती येण्यापूर्वीही हे होत होतं का? आणि यात पोट कुणाचं भरतंय?"

उम्म शाबानला स्वतःची लाज वाटली. तिने बुरुजाला बांधलेला ताईत उपटून करंडीत फेकला.

"शेखसाहेब," ती पाठमोऱ्या शेखला ओरडून म्हणाली, "तुमच्या वाळवंटातलं एक पांढरं परत येऊ द्या. त्याच दिवशी सुनेला माहेरी धाडीन!"

मग ती इन्साफकडे वळली. "आणि तू गं, त्याला असं कोंडून काय धरलंस? सोड."

इन्साफने ओढणी उघडली. पांढरे पिल्लू फडफडत वर गेले आणि करड्यांच्या मधोमध, आपल्या घरी, जाऊन बसले.